सव्वापाचची थाप

एनिड बॅराक्लफ शनिवारी सकाळी जिन्याच्या पायथ्याशी मेलेली सापडली.

तिच्या पायरीवर दुधाची बाटली नऊ वाजले तरी तशीच होती. समोरच्या वीस नंबरात राहणाऱ्या थेल्मा ऑग्डनने दारातल्या टपालाच्या फटीतून डोकावून पाहिलं. तिला फक्त एक पाऊल दिसलं, राखाडी मोज्यातलं. पोलिसांना दार फोडावं लागलं, कारण आतून कडी होती. मागचं दारही कुलूपबंद होतं.

सार्जंट रोवेना टॅटरसल पोचली तेव्हा टॅनर गल्लीतले लोक कोट अंगावर ओढून फुटपाथवर उभे होते. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. सगळ्यांनी मनाशी एकच ठरवलं होतं. म्हातारी थाप ऐकून घाबरली, जिन्यावरून पडली आणि गेली.

ती थाप पाच आठवडे चालू होती. दर गुरुवारी, संध्याकाळी सव्वापाचला, नोव्हेंबरचा अंधार नुकता पडत असताना, गल्लीतल्या कुठल्या तरी एका दारावर तीन थापा बसायच्या. जोरात, घाईघाईने. दार उघडलं की थाप मारणारं कोणी सापडायचं नाही. आधी तीन नंबर, मग आठ, मग पाच, मग चौदा. परवाच्या गुरुवारी वीस.

एल्डरविकला अशा गोष्टींची सवय नव्हती. सगळ्या परगण्यात सर्वांत कमी गुन्हे याच गावात होतात, असं नगरपालिकेच्या पत्रकात दर वर्षी छापून येई. पोलीस चौकी आठवड्यातून दोनच दिवस उघडी असे. तरी गेल्या पाच आठवड्यांत टॅनर गल्लीत अंधार पडल्यावर सहसा कोणी एकटं बाहेर पडत नव्हतं. गल्लीच्या टोकाला कालवा होता, आणि तिकडे तर दिवसाही कोणी जात नसे. पण ते आजचं नव्हतं. ते अकरा वर्षांपासूनचं होतं.

रोवेनाने घर पाहिलं. डॉक्टरांच्या अंदाजाने एनिड शुक्रवारी संध्याकाळी गेली होती, जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवरून खाली पडून. तिची काठी मात्र पुढच्या दाराजवळच्या छत्रीच्या स्टँडमध्ये उभी होती.

"काठीशिवाय ती जिना चढायची का?" रोवेनाने थेल्माला विचारलं.

"अगं पोरी, काठीशिवाय ती खुर्चीतून उठत नसे," थेल्मा म्हणाली.

रोवेनाने काठी उजेडात धरली. मुठीवर पितळेचा जाड गोळा होता. गोळ्याच्या खाचांत रंगाचे बारीक कण अडकले होते: हिरवा, पांढरा, निळा, काळा. सगळ्यांच्या वर ताजा जांभळा.

स्वयंपाकघरात मागच्या दाराचं नवं कोरं कुलूप होतं. त्याच्या दोन किल्ल्या खुंटीला टांगलेल्या होत्या. ड्रॉवरमध्ये कुलपाचा रिकामा पुठ्ठ्याचा डबाही होता. झाकणावर कुलपाचं चित्र, शेजारी तीन किल्ल्यांचं.

आणि पलंगाशेजारच्या प्रार्थनेच्या पुस्तकात कॅलेंडरचं एक पिवळं पडलेलं पान घडी करून ठेवलं होतं. पाठीमागे पेन्सिलीने आकडे होते. ३, ८, ५, १४, २०, १७. बाकी काही नाही.

सतरा म्हणजे एनिडचंच घर. तिथे तर अजून थाप पडली नव्हती.

रोवेनाने पान उलटलं. महिना नोव्हेंबरचा होता. वर्ष अकरा वर्षांपूर्वीचं.

तिने ते पान जपून आपल्या वहीत ठेवलं.

अकरा वर्षांपूर्वी याच महिन्यात, एका गुरुवारी रात्री, मेरियल फॉसेट नावाची एकोणीस वर्षांची मुलगी कालव्यात बुडालेली सापडली होती. रोवेना तेव्हा पोलिसात नवीन होती. वही घेऊन टॅनर गल्लीतलं एकेक दार तिनेच ठोठावलं होतं. कोणी काही ऐकलं नव्हतं, कोणी काही पाहिलं नव्हतं. तिने तसंच लिहून घेतलं. चौकशीत निकाल लागला की मुलगी पाय घसरून बुडाली. अपघात. त्यामुळे गुन्ह्यांच्या आकड्यात मेरियल कधी धरलीच गेली नाही.

दुपारी रोवेना मेरियलच्या आईकडे गेली. जून फॉसेट बाजारातल्या बेकरीत काम करायची. पिठाने पांढरे झालेले हात तिने एप्रनला पुसले, पण बस म्हणाली नाही. टॅनर गल्लीत थापा कोण मारतं, ते तिला ठाऊक नव्हतं. लोक आपल्यावर संशय घेतात, एवढं ठाऊक होतं.

"मी तेव्हा तुम्हाला काय सांगितलं होतं, आठवतं?" तिने विचारलं.

रोवेनाला आठवत होतं. तरी तिने ते जूनला बोलू दिलं.

"तिच्या बोटांची पेरं सोलवटली होती. उजव्या हाताची. तुमचे साहेब म्हणाले, कालव्याच्या दगडांनी झालं असेल. मी म्हणाले, दगडांनी एकाच हाताची कशी सोलवटतील? माझी पोर दारं ठोठावत होती. तुम्ही मान हलवलीत आणि वही मिटलीत."

 रोवेनाने एवढंच विचारलं की मेरियल त्या दिवसांत कुठे कामाला होती. क्लिफर्ड ऑडलीच्या लोखंडी सामानाच्या दुकानात, जून म्हणाली. त्याच आठवड्यात तिने ते काम सोडलं होतं. का, ते तिने आईला सांगितलं नव्हतं.

क्लिफर्ड ऑडलीला अख्खं गाव ओळखत होतं. दुकान त्याने केव्हाच बंद केलं होतं. मेरियल गेल्यावर महिन्याभरात त्याने टॅनर गल्लीत एकमेकांच्या घरांवर लक्ष ठेवायला शेजार-पहारा सुरू केला आणि तेव्हापासून तोच त्याचा प्रमुख होता. घरोघरी पत्रकं वाटायची, म्हाताऱ्यांना दुकानातून सोबत करून आणायचं, कुलपं फुकट बसवून द्यायची, हेच त्याचं आयुष्य झालं होतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, क्लिफर्ड आहे म्हणून झोप लागते.

थेल्माही तेच म्हणत होती. रविवारी रोवेना तिच्या पुढच्या खोलीत चहा घेत बसली होती.

"तो किती हुशार, बघ," थेल्मा म्हणाली. "मंगळवारीच मला येऊन म्हणाला, थेल्मा, या गुरुवारी तुझी पाळी. दाराला बाहेर बघायचं भिंगही बसवून दिलं. दार खरवडलं गेलं म्हणून मी बुधवारी ते पुन्हा रंगवलं. जांभळ्याच रंगाने."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी तो स्वतः इथे येऊन बसला. मला एकटीला ठेवणार नाही म्हणाला. दिवे मालवले, दाराशी उभा राहिला. सव्वापाचला थाप पडली. माझा तर जीवच गेला. तो भिंगातून बघत होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, कोणी नाही."

"दार उघडलं त्याने?"

"लगेच नाही. जरा वेळाने. तोवर एनिड आलीच होती, काय झालं विचारत. ती दर वेळी सगळ्यांच्या आधी यायची, बिचारी."

रोवेनाने कप खाली ठेवला, दाराशी गेली आणि भिंगाला डोळा लावला. पायरी, फाटक आणि समोरचा सतरा नंबर, सगळं स्पष्ट दिसत होतं. मग तिने थेल्माला बाहेर उभं केलं आणि हातात एक काठी देऊन दारावर तीन थापा मारायला सांगितल्या. कशीही उभी राहिली तरी थेल्मा भिंगातून दिसतच होती.

ती परत आली तेव्हा रोवेनाने तिला हळूच विचारलं, "थेल्मा, अकरा वर्षांपूर्वी या दारावर कोणी थाप मारली होती का?"

म्हातारीने चहाची भांडी गोळा केली. आत नेली. बाहेर आली नाही.

सोमवारी दुपारी चॅपलच्या सभागृहात पहाऱ्याची सभा होती. ती क्लिफर्डनेच बोलावली होती. तीसेक माणसं आली. जून फॉसेट रोवेनाबरोबर आली आणि शेवटच्या रांगेत बसली, तेव्हा काही जणांनी मान खाली घातली. क्लिफर्ड एनिडबद्दल चांगलं बोलला. अशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून प्रत्येक घराने आणखी एक कडी बसवावी, असं त्याने सुचवलं.

मग रोवेना उठली.

"मिस्टर ऑडली, पुढची थाप वीस नंबरावर पडणार, हे तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज, मॅडम. इतकी वर्षं पहारा करतोय. क्रम लक्षात येतो."

"तीन, आठ, पाच, चौदा. यातून वीस कसा येतो, जरा सांगता?"

तो हसला. "गणित नाही सांगता येणार. अनुभव म्हणा."

"यात गणित नाहीच," रोवेना म्हणाली. "कारण एक मुलगी पळताना ज्या खिडकीत उजेड दिसेल, त्या दाराकडे धावत होती. कधी या बाजूला, कधी त्या बाजूला."

तिने ते पिवळं पान सगळ्यांना दाखवलं. मग जे झालं ते क्रमाने सांगितलं.

थाप ऐकून एनिड मेली नव्हती. थापा तिच्याच होत्या. तिच्या काठीच्या मुठीत पाचही दारांचे रंग होते. लोक पळून जाणारं टवाळ पोर शोधत होते. पायरीवर उभी राहून "काय झालं?" विचारणाऱ्या म्हातारीकडे कोणाचं लक्ष जाणार? अकरा वर्षांपूर्वी त्या गुरुवारी, सव्वापाचला, तिने वरच्या खिडकीतून मेरियलला पाहिलं होतं. एकेक दार ठोठावत पोरगी तिच्या दारापर्यंत आली. मागे कोणीतरी होतं, पण अंधारात चेहरा दिसला नसावा. एनिडने दार उघडलं नाही. त्या रात्री तिने दारांचे नंबर लिहून ठेवले, शेवटी स्वतःचा लिहिला, आणि पोलिसांना मात्र काही ऐकलं नाही म्हणाली. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की पुढचा उन्हाळा दिसणार नाही. एकटीने कबूल करून भागणार नव्हतं. बाकीच्या पाच घरांनाही तिला आठवण करून द्यायची होती.



"तो क्रम दोघांनाच ठाऊक होता," रोवेना पुढे म्हणाली. "पाहणाऱ्या एनिडला, आणि मेरियलच्या मागे धावणाऱ्याला. चार दारं झाल्यावर तुम्ही ओळखलंत, मिस्टर ऑडली, की कोणीतरी तोच रस्ता पुन्हा चालतंय. ते कोण, हे बघायला तुम्ही पाचव्या दारामागे आधीच जाऊन उभे राहिलात. भिंगातून तुम्ही एनिडला पाहिलंत, पण थेल्माला सांगितलंत की कोणी नाही. एनिडने त्या रात्री तुमचा चेहरा पाहिला होता की नाही, ते तुम्हाला कळत नव्हतं. म्हणून शुक्रवारी तुम्ही मागच्या दाराने गेलात. तिला धरून जिन्यावर चढवलंत आणि ढकललंत. तिच्या दोन्ही दंडांवर बोटांचे वळ आहेत. काठी तेवढी खालीच राहिली."

"मागचं दार कुलूपबंद होतं," क्लिफर्ड म्हणाला. आवाज अजून शांत होता. "दोन्ही किल्ल्या तिच्या खुंटीवर होत्या. तुमच्याच लोकांनी मला सांगितलं."

"ते कुलूप तुम्हीच बसवलंत, आणि त्याबरोबर तीन किल्ल्या येतात. मघाशी तुमच्या मागच्या शेडची झडती झाली. भिंतीवर सव्वीस किल्ल्या आहेत, प्रत्येकीवर घराचा नंबर. फक्त सतराच्या खिळ्यावर काही नाही."

लोक त्याच्याकडे बघत होते. कित्येकांनी नकळत आपापले खिसे चाचपले.

क्लिफर्डने अंगातला कोट काढला, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. कोटाच्या आतल्या खिशात सतराची किल्ली होती. तो कोणाशी झटापट करणार नव्हता.

"मी तिला हात लावणार नव्हतो," तो म्हणाला. एनिडबद्दल नव्हे, ते सगळ्यांना कळलं. "मला फक्त बोलायचं होतं. ती पळत सुटली. मला वाटलं, आता कोणीतरी दार उघडेल. प्रत्येक दाराशी मला वाटत होतं, आता उघडेल, आता मी पकडला जाणार. कोणीच उघडलं नाही." त्याने समोरच्या रांगांवरून नजर फिरवली. "मग वाटलं, या माणसांना सांभाळायला कोणीतरी हवं."

जून फॉसेट उठली. ती त्याच्याजवळ जाईल असं वाटून हवालदार पुढे सरकला. पण ती त्याच्याकडे गेलीच नाही. मधल्या वाटेने चालत ती पुढे आली आणि टॅनर गल्लीच्या लोकांकडे तोंड करून उभी राहिली.  नुसती एकेका चेहऱ्याकडे बघत राहिली.

क्लिफर्डला गाडीतून नेलं, तरी कोणी जागचं हललं नाही. बाहेर अंधार पडायला लागला होता. रोवेनाने टेबल ओढलं, नवी वही उघडली आणि वाट पाहत बसली.

सर्वांत आधी थेल्मा उठली. टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली. बसली नाही.

"लिही, पोरी," ती म्हणाली. "त्या दिवशी मी घरी होते. माझा दिवा चालू होता. थाप पडल्यावर मी तो मालवला."

तिच्या मागे चौदा नंबरवाला येऊन उभा राहिला. त्याच्यामागे पाच नंबरातलं जोडपं.