पुढच्या रांगेतली खुर्ची

“मला जमत नाही, सर... इंग्रजीच कळत नाही. मी परत जाते!”

एकता बॅग घेऊन सिंगापूरच्या बिशान भागातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये उभी होती, आणि स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातांनी थबकलेल्या बेबीताईंच्या काळजात चर्र झालं!

उज्ज्वल, त्यांचा धाकटा भाऊ, डोकं धरून बसला. सिंगापूरच्या विद्यापीठात संशोधक झाल्यापासून दर जून-जुलैत तो घरीच हा वर्ग चालवी. महाराष्ट्रातून शिष्यवृत्तीवर आलेली, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी मुलं इथे सहा आठवडे विद्यापीठासाठी तयार होत. प्राध्यापकांशी कसं बोलायचं, अडलं तर कुणाचं दार ठोठावायचं, सगळं शिकत. नियम एकच, रोज एक तरी प्रश्न विचारल्याशिवाय सुट्टी नाही! यंदा, २०१६ साली, मुलांना घरचं जेवण मिळावं म्हणून त्याने भंडाऱ्याहून ताईंना हट्टाने बोलावून घेतलं होतं.

आणि पहिल्याच दिवशी तो मुलांना म्हणाला होता, “माझ्या ताईला इंजिनिअरिंगला जागा मिळाली होती. तीन महिन्यांत घाबरून परत आली बिचारी. तुम्ही घाबरू नका.” ताईंनी आत भाजी चिरताना ते ऐकलं, आणि इतकी वर्षं गिळलं तसंच गिळलं.

आज मात्र त्यांना राहवेना.

“उज्ज्वल, ती खोटं बोलतेय. त्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, हिनेच फडाफडा इंग्रजी बोलून सगळ्यांचं जेवण मागवलं. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि मला म्हणते, मावशी, इथली रीतच आहे, आता ही जागा आपली, कुणी बसणार नाही! मी तीनदा मागे वळून पाहिलं रे... खरंच कुणी बसलं नाही. या पोरीला इंग्रजी कळत नाही होय?”

“मग ती असं का म्हणेल, ताई?”

“कारण मीही हेच म्हणाले होते!”

ताई भावाकडे वळल्या.

“आईचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. तुझी शाळा सुटली असती. तिच्यासाठी आले म्हटलं असतं, तर तिने मला अंथरुणातूनच हाकललं असतं... म्हणून म्हटलं, जमत नाही मला. ती जाईपर्यंत तेच म्हणत राहिले. आणि पुढे तुझ्यावर ओझं नको म्हणून तुलाही सांगितलं नाही.”

एकताच्या हातातली बॅग गळून पडली. “मावशी... माझ्या आईचं ऑपरेशन आहे हो! वर्ध्यात घरी कुणी नाही. भावाची दहावी आहे...” आणि ती ताईंच्या कुशीत शिरून हमसाहमशी रडू लागली.

“मी जाते तुझ्या आईकडे,” ताई म्हणाल्या.

“नाही!” उज्ज्वल ताडकन उठला. “आणखी किती वेळा परत जाशील, ताई?” त्याने ताईंच्या पायांवर डोकं ठेवलं. “अठ्ठावीस वर्षं... मी तुला भित्री समजत राहिलो!”

“वेडा रे वेडा! तू शिकलास. तुझ्यामुळे एवढी लेकरं शिकतात. मला आणखी काय हवं होतं?” त्याच्या केसांना कणीक लागली, तरी त्यांचा हात हलेना.

त्याच दुपारी उज्ज्वलने गेल्या वर्षीच्या वर्गातल्या मीनलच्या आईला वर्ध्याला फोन लावला. त्या माउलीने त्याला वाक्यही पुरं करू दिलं नाही. “सर, तुम्ही माझ्या पोरीला उभं केलं. एवढंही नको का करू मी? ऑपरेशनला मी थांबते, त्या दहावीतल्या लेकरालाही माझ्याकडेच जेवायला घालते.” एकताने बॅग उघडली आणि वह्या पुन्हा टेबलावर मांडल्या.

शेवटच्या दिवशी ताई मुलांसाठी खीर घेऊन हॉलमध्ये आल्या. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर टिश्यूचं पाकीट. त्या ते उचलू लागल्या.

“राहू द्या, मावशी,” एकता म्हणाली. “ती तुमची जागा आहे.”

ताई संकोचाने बसल्या. किती वर्षांनी फळ्याकडे तोंड करून बसल्या होत्या त्या! उज्ज्वलने तरीही नियम सोडला नाही.

“प्रश्न विचारल्याशिवाय सुट्टी नाही, ताई.”

ताईंनी हळूच हात वर केला.

“सर... पुढच्या वर्षीही मला येता येईल? स्वयंपाकाला नाही... नुसतं इथे बसायला?”