जातो म्हणू नये

वडे गरम होते, चहा फक्कड होता, तरी हॉलमध्ये जमलेल्या प्रवाशांपुढे मेघवाट ट्रॅव्हल्सचा मालक शेळके घामाने निथळत होता. दुसऱ्या दिवशी त्याची मंडळी इचलकरंजीहून काश्मीरला बर्फ बघायला निघायची होती. उज्ज्वला तोडकरच्या मांडीवर सुपारीच्या डबीएवढे शब्दकुलूप होते आणि ते उघडायला बाई काही तयार नव्हत्या.

शब्दकुलूप यंदाच निघाले होते. आधी पैसे घ्यायचे, मग कंपनी बुडाली म्हणून हात वर करायचे, या धंद्याला आळा बसावा म्हणून. प्रवाशाने भरलेले पैसे कंपनीला दिसत, पण हाताला लागत नसत. विमानतळावर प्रवाशाने स्वतःच्या आवाजात "मी जाते" किंवा "मी जातो" म्हटले की डबी आवाज ओळखायची आणि पैसे मोकळे व्हायचे. आता हे वाक्य कुठल्या शहाण्याने ठरवले, देव जाणे! निघताना माणूस 'येतो' म्हणतो, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

"विमानतळावर फार गडबड होते हो, वहिनी," शेळके म्हणाला. "आजच म्हणून टाका. डबीला आवाज कळतो, जागा नाही. दोन तर शब्द आहेत."

उज्ज्वलाने डबी तोंडाशी धरली. "येते."

"आपण परत आलात का?" डबीने नम्रपणे विचारले. "आपला प्रवास अजून सुरू झालेला नाही."

"जाते म्हणा, वहिनी, जाते!"

"असलं अभद्र मी बोलायची नाही."

शेजारी बसलेल्या दिगंबरने बायकोला कोपराने ढोसले. "अगं, म्हण की. यंत्राला काय कळतंय?"

पण तिने डबी मुठीत घट्ट मिटली. नवऱ्याच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, जे बघायचं ते या हिवाळ्यात बघून घ्या. उभा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेल्या या माणसाने पांढरे म्हणून सूत तेवढे पाहिले होते. एकदा बर्फ बघायचा, म्हणून दोघांनी होती नव्हती ती शिल्लक या सहलीत घातली होती. आणि त्याच माणसाने "मी जातो" म्हणायचे?

"तुम्हीसुद्धा म्हणायचं नाही," तिने बजावले. "माझी शपथ आहे."

"खरंच की!" मागच्या खुर्चीवरच्या कलबुर्गेकाकू म्हणाल्या. "माझ्याही जिभेवर येईना बघा."

झाले! सगळा हॉल "येतो", "येते" करू लागला आणि डब्या एका सुरात "आपण परत आलात का?" विचारू लागल्या. शेवटी शेळके ओरडला, "मग तिकिटं निघायची नाहीत! सहल रद्द समजा!"

घरी चपला काढताना दिगंबर म्हणाला, "एका शब्दापायी बर्फ घालवलास माझा."

ते तिला फार लागले. आपणच करंट्या, असे तिला वाटले. दिवेलागणीला, नवरा गॅलरीत बसलेला बघून, तिने गुपचूप डबी हातात घेतली. "मी जा..." एवढे तोंडातून बाहेर पडले आणि मोबाईल वाजला.

"उज्ज्वला, तो मेला शेळके पळाला गं!" कलबुर्गेकाकू धापा टाकत होत्या. "कंपनी कधीच बुडालेली. ऑफिसला टाळं आहे. आपल्याच पैशांसाठी थांबला होता मुडदा!"

उज्ज्वला होती तिथे फरशीवर बसली. आधी रडली, मग हसत सुटली. दिगंबर धावत आला. सगळे ऐकल्यावर त्याने डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "बाई गं, तुझ्या हट्टाला साष्टांग नमस्कार!"

पैसे परत आले. त्याच हिवाळ्यात, दुसऱ्या कंपनीबरोबर, दोघे विमानतळावर उभे राहिले. दिगंबरला अजून समोरच्या पाट्या वाचता येत होत्या आणि तो त्या मुद्दाम मोठ्याने वाचत होता.

उज्ज्वलाने नवी डबी तोंडाशी धरली. इथे अडले तर अडले, ती आपलेच म्हणणार होती. "येते."

"या," डबी म्हणाली. उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाने म्हणावे, अगदी तस्सेच. आणि कुलूप उघडले.

"शिकली की गं पोरगी!" दिगंबर खो खो हसला. उज्ज्वलाचाही जीव भांड्यात पडला. तिने त्याचा हात धरला, चार पावले चालली आणि दुसऱ्या हातातल्या डबीकडे पाहिले.

"अहो, आपल्या मनातलं आता हिला कळायला लागलं," ती म्हणाली. "उद्या पुन्हा कुणी शेळके भेटला, तर कुलूप अडवायला आपल्याकडे कुठला शब्द उरला?"