लाल चिंधीची वायर

“बाबा, त्या कागदावर तुम्ही सही का केलीत?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि तिचा तिलाच धक्का बसला! नऊ वर्षं घशात अडकलेलं वाक्य, आणि बाहेर आलं ते असं, चहाचा कप हातात असताना, रविवारी सकाळी, धड पार्श्वभूमीही न बांधता!

आई खिडकीपाशी तिच्या गणवेशाला इस्त्री करत होती. बाबा जमिनीवर मांडी घालून तिच्या डाव्या बुटाच्या तळाला रबराचा नवा थर चिकटवत होते. दर तीन महिन्यांनी ते हे काम करायचे. उजवा पाय वाढत गेला, डावा घोट्यापाशी रुसून बसला, आणि दोघांमधलं अंतर बाबा स्वतःच्या हाताने रबर कापून भरून काढत राहिले... कधी एका शब्दानेही न बोलता.

गोंदाच्या डब्याचं झाकण बाबांनी दोनदा लावलं आणि दोनदा काढलं.

“बूट संध्याकाळपर्यंत हलवू नकोस,” ते म्हणाले. “वाळायला हवा.”

बुटाचं कोण विचारतंय! तिच्या मस्तकात तिडीक गेली.

तसं पाहिलं तर हा प्रश्न तिच्या दोन मैत्रिणींचा होता. शुक्रवारी शाळेत एक वकीलबाई आल्या होत्या. अपघात म्हणजे काय, हलगर्जीपणा म्हणजे काय, दुखापत झाली तर भरपाईचा दावा कोण कुणावर लावू शकतो, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी राहिली. जाता जाता त्या म्हणाल्या, “लहान मुलाच्या हक्काचा दावा आईवडिलांच्या एका सहीने, कोर्टाला न विचारता, संपत नसतो बरं का!” तिच्या हातातलं पेन खाली पडलं होतं.

मधल्या सुट्टीत तिने सगळं सांगितलं. वर्गातल्या सगळ्यात उंच मुलीला, जिला सगळे जिराफ म्हणत, आणि जिचं तोंड कधी बंद होत नसे त्या रेडिओला.

“मग विचार ना बाबांना!” जिराफ म्हणाली.

“ही विचारणार?” रेडिओ फिसकन हसली. “स्टेजवर वाघीण, घरी मांजर! सोमवारपर्यंत विचारलं नाहीस ना, तर भोंगा ही पदवी परत घेणार आम्ही.”

भोंगा! गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा लागलेलं हे नाव तिला कुठल्याही दागिन्यापेक्षा प्रिय होतं. कारण त्याआधीची इतकी वर्षं ती कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. गप्प, लंगडणारी, भिंतीकडेने चालणारी एक मुलगी... जिने लहानपणी लिफ्टच्या दारात खेळून स्वतःचा पाय स्वतःच घालवला होता.

हो, स्वतःच! त्या कागदावर तसंच लिहिलं होतं. “मुलगी लिफ्टच्या दारात पाय घालून खेळत होती. कंपनीविरुद्ध आमची तक्रार नाही.” खाली बाबांची सही. बाबा त्याच लिफ्ट कंपनीत मेकॅनिक! आईने पुढे लावलेला दावा त्या एका सहीने जागच्या जागी बसला. तिथून पुढे इमारतीतल्या काकू आपल्या मुलांना तिच्याकडे बोट दाखवून सांगू लागल्या, “बघ, दारात खेळलं की असं होतं.” आणि सात वर्षांच्या त्या जिवाने खेळणंच सोडून दिलं. कुठलंच खेळणं.

“विचार, विचार!” आई इस्त्री आपटत म्हणाली. “नऊ वर्षं मी विचारतेय. मला कधी उत्तर मिळालं नाही, लेकीला मिळतंय का बघू. नोकरी वाचवली गं तुझ्या बाबांनी, आणखी काय!”

बाबांनी मान खाली घातली. हेच ते... हेच तिला असह्य व्हायचं! आईने बोचरं बोलायचं, बाबांनी मान खाली घालायची, नळ ठिबकत राहायचा आणि दिवस पुढे सरकायचा.

“मान खाली घालू नका बाबा!” ती ओरडली. भोंगा आता पुरता वाजू लागला होता. “मला एवढंच सांगा, मी खेळत होते का? मला आठवतं ते वेगळंच आहे. दार उघडलं, मी एक पाय आत टाकला आणि लिफ्ट निघाली... दार उघडं असताना वर निघाली! हे मला स्वप्नात दिसतं की खरंच घडलं, तेच कळेनासं झालंय! आणि आणखी एक आठवतं. तुम्ही धावत आलात, मला बघितलंत... आणि मला तसंच टाकून जिन्याने वर पळालात. मी हाका मारत होते, बाबा! तुम्ही वर पळालात!”

बाबांच्या हातातला बूट गळून पडला.

“मेन स्विच,” ते पुटपुटले.

“काय?”

“मेन स्विच वर असतो. मशीनरूममध्ये. तो बंद केल्याशिवाय तुझा पाय सोडवायला गेलो असतो आणि लिफ्ट पुन्हा हलली असती तर...? अगं, सहा मजले चढलो मी! तुझी प्रत्येक हाक ऐकू येत होती. प्रत्येक हाक! तू इतकी वर्षं असं समजत होतीस... की मी तुला टाकून पळालो?”

तिच्या छातीत काहीतरी वितळत होतं, आणि त्याच वेळी रागही उफाळून येत होता... इतकं साधं उत्तर! मागितलं नाही म्हणून दिलं नाही? नऊ वर्षं?

“मग खाली येऊन तुम्ही ते लिहून दिलंत?” ती म्हणाली. “मी खेळत होते म्हणून?”

बाबांनी आईकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी ओढली. पाने, पक्कड, टेस्टर एकेक करून जमिनीवर निघाले आणि अगदी तळातून चष्म्याची एक जुनी डबी आली. कडा झिजलेली.

“ही नानांची डबी!” आई म्हणाली. “तुमच्याकडे कशी?”

नाना म्हणजे आईचे वडील. कंपनीतले सगळ्यात जुने मेकॅनिक. त्यांनीच बाबांना हे काम शिकवलं, त्यांनीच जावई करून घेतलं. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती आणि त्यांच्याविषयी एक वाकडा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता.

डबीत चष्मा नव्हता. हातभर लांबीची एक वायर गुंडाळून ठेवलेली होती. मधोमध लाल चिंधी बांधलेली.

“दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही,” बाबा हळूहळू बोलू लागले, जणू प्रत्येक शब्द सहा मजले चढून येत होता. “यंत्रातच तशी सोय असते. दुरुस्ती करताना मात्र ती सोय थोडा वेळ बंद ठेवावी लागते. त्यासाठी ही वायर लावतात. काम झालं की काढायची, खिशात घालायची, खिसा चाचपून बघायचा आणि मगच कुलूप लावायचं. विसरू नये म्हणून तर ही लाल चिंधी. त्या दिवशी मी स्विच बंद केला आणि समोर बघतो तर... वायर तिथेच होती, पोरी. तशीच लावलेली. लाल चिंधी लोंबत होती.”

“कुणाची?” तिने विचारलं. पण उत्तर तिला कळून चुकलं होतं.

“नानांची. दुपारी आपल्याच इमारतीत त्यांचं काम होतं. निवृत्तीला पाच महिने राहिले होते.”

“खोटं!” आई किंचाळली. “मेलेल्या माणसावर ढकलता? माझ्या वडिलांवर? स्वतःची नोकरी वाचवलीत आणि आता...”

“आई, इस्त्री!”

जळका वास खोलीभर पसरला होता. गणवेशाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला. आईने ती उचलून बाजूला ठेवली, पण तिचं लक्ष नव्हतंच. ती त्या चिंधीकडे बघत होती. तिने ती उलटी केली. आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके होते.

“माझ्या फ्रॉकची किनार आहे ही,” ती पुटपुटली. “मी शिवून दिली होती त्यांना... शाळेत असताना.”

आता खोटं म्हणायला काही उरलं नाही.

“मी ती खिशात घातली,” बाबा म्हणाले. “तपासणीची माणसं यायच्या आत. दुसऱ्या दिवशी साहेब आले, कागद टाईप करूनच आणला होता. मी खरं सांगितलं असतं तर नानांना हातकड्या पडल्या असत्या. आणि तुझ्या आईने एका दिवसात लेकीचा पाय आणि बापाची अब्रू, दोन्ही गमावलं असतं. म्हणून सही केली. नाना मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर विचारत होते, ‘जावईबापू, माझी वायर वर राहिली का हो?’ मी म्हणालो, ‘नाही नाना. तुमच्याच कुठल्यातरी खिशात असेल.’”

तिच्या डोळ्यांसमोर नाना उभे राहिले. उठता बसता खिसे चाचपणारे नाना! शर्टाचा खिसा, मग पँटचा डावा, मग उजवा... शेवटच्या आजारातसुद्धा. तिला वाटायचं ते तिच्यासाठी गोळ्या शोधतात, आणि ती हात पुढे करायची!

“पण कसे विसरले ते?” तिने रडवेल्या आवाजात विचारलं.

“विसरले नसतील. दिसली नसेल. एवढी लाल चिंधी दिसू नये म्हणजे डोळे किती गेले असतील! मला तरी कुठे कल्पना होती? दरवर्षी कंपनीच्या डोळ्यांच्या तपासणीत पास व्हायचे. कसे, देव जाणे.”

आई मटकन खाली बसली.

आणि तिला एकदम आठवलं. नानांच्या मांडीवर बसून म्हटलेलं ते विचित्र गाणं, ज्याला ना अर्थ होता ना चाल. “न... र प... क ल ग... म ट व ख...” वरून खाली, मोठं अक्षर आधी, मग दोन, मग तीन. आई पुढ्यात कागद धरून बसायची आणि चुकलं की पुन्हा म्हणायला लावायची. पाच वर्षांची होती ती, तिला वाटायचं आपल्यालाच अक्षरं शिकवताहेत!

ती नकळत ते पुटपुटू लागली. “न... र प... क ल ग...”

“गप!” आई हुंदका देत म्हणाली. “गप गं! मीच... मीच तो डोळे तपासायचा तक्ता उतरवून आणला होता. नाना म्हणाले, ‘शेवटची दोन वर्षं आहेत, निभावून ने.’ मी रोज पाठ करून घेतलं त्यांच्याकडून. मला काय ठाऊक होतं की... देवा! नऊ वर्षं मी यांना टोचून खाल्लं, आणि हात माझाही होता!”

आणि तिच्या आत इतका वेळ साचलेलं सगळं फुटलं.

“म्हणजे नानांनी नोकरी वाचवली, आईने नानांना वाचवलं, बाबांनी नानांना आणि आईला वाचवलं! वा! आणि मला? मला कोणी वाचवलं? मी एकटीच उरले, म्हणून दोष माझ्या नावावर लिहून टाकलात? मी सात वर्षांची होते हो!”

आई सरकत सरकत बाबांजवळ गेली. “एकदा तरी बोलायचं होतंत,” ती म्हणाली. “एकदा!”

“काय बोलणार होतो? तू नानांच्या फोटोकडे बघून दिवस काढायचीस.”

आईने त्यांचा हात धरला आणि डोळ्यांना लावला... आणि मग दचकून म्हणाली, “अहो, गोंद!” बोटांना बोटं चिकटली होती. ओढूनही सुटेनात. आई रडता रडता हसली, बाबा हसता हसता रडले. ती मात्र हसली नाही. तिला राहून राहून हे दिसत होतं की दोघांचं मिटलं, पण तो कागद अजून तसाच आहे. कुठल्यातरी कपाटात, कंपनीच्या फायलीत, तिच्या नावासकट.

“बाबा, मशीनरूममध्ये एका माणसाने एकट्याने काम करायचं असतं का?” तिने विचारलं.

“छे! दोघं लागतात. नियमच आहे.”

“मग त्या दिवशी दुसरा कोण होता?”

“मीच होतो. पण सकाळीच साहेबांनी मला दुसऱ्या इमारतीवर पाठवलं; संध्याकाळी घरी परतलो तेव्हा तुझी हाक ऐकली. माणसं कमी होती. कायमच कमी असायची.”

“म्हणजे म्हाताऱ्या माणसाला एकट्याला पाठवणारे कंपनीवाले. टाईप केलेला कागद आणणारेही तेच. आणि खेळकर मुलगी मी!”

ती उठली. पायात तो उंच केलेला बूट नव्हता, त्यामुळे ती जराशी तिरकी उभी होती. पण स्टेजवर उभी राहायची तशीच ताठ.

“आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या शाळा सुटल्यावर मी वकीलबाईंकडे जाणार. मी अजून सज्ञान नाही, म्हणून तुमच्यापैकी एकाने माझ्या वतीने दावा लावायला सोबत यायचं. दोघंही आला नाहीत, तर अठरा पूर्ण होईपर्यंत मी वाट बघेन, पण दावा लावेनच.”

“अगं, पण मी पुरावा लपवलाय,” बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. “नोकरी जाईल माझी. कदाचित आणखीही काही होईल.”

“आणि नानांचं नाव...” आई म्हणाली.

“माहीत आहे मला!” तिच्या डोळ्यांतून आता घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवाज कापत नव्हता. “नाना मला आवडायचे. अजून आवडतात. पण त्यांची वायर मी त्यांच्या खिशात परत ठेवू शकत नाही. वायर सांगणार, तक्ता सांगणार, सगळं सांगणार. आणि दाव्यातलं पहिलं वाक्य कुणी वकील लिहिणार नाही, तुम्ही नाही, साहेब तर नाहीच नाही. ते मी माझ्या हाताने लिहिणार आहे. ‘मी खेळत नव्हते.’”