खोडलेल्या राजाचं नाव

दार लावा रे आधी, आणि ते मोबाइलचे दिवे मालवा. बघदादी माझा साडू. त्याच्याबद्दल खोटं बोलायला मला कुणी चहा पाजत नाही.

सात वर्षं झाली. तूबा महिना, बुधवार, हाडं गोठवणारी थंडी. बघदादीचं पोर सहा दिवसांचं. त्या रात्री नाव ठरायचं होतं. तीन मेणबत्त्या लावायच्या, एकेकीला एकेक नाव द्यायचं. जी शेवटपर्यंत जळेल तिचं नाव पोराला. आणि हा शहाणा मेणबत्त्याच विसरलेला. म्हणून रात्रीची इशाची नमाज झाल्यावर फटफटी काढून कालव्यापलीकडच्या दुकानात निघाला.

सासू फायका दारातच आडवी आली. "हातावर धूळ कसली? काय कोरत होतास?"

"रॅमसिस."

"कशावर?"

ह्यानं कोपऱ्यातला दगड दाखवला. घराचा पाया खणताना सापडलेला, जुना. त्यावर कुठल्याशा राजाचं नाव, लांबट कड्यात कोरलेलं. बघदादीनं ते छिन्नीनं उडवून वर रॅमसिस घातला होता.

"घरात बिननावाचं पोर, आणि तू नाव खोडलंस? मेल्या, सात दिवस दम निघाला नाही?"

"आत्या, तो मरून तीन हजार वर्षं झाली. गिऱ्हाइकाला खुफू, तूत आणि रॅमसिस, एवढेच राजे ठाऊक. बाकीच्यांनी देश राखला असेल, पण खपत नाहीत. आणि रॅमसिसनं तरी काय केलं? आधीच्यांची नावं खोडून आपलं कोरत सुटला. आमच्या धंद्याचा मूळपुरुष!"

"जीभ झडेल तुझी."

हा हसत गेला. मेणबत्त्या घेतल्या. परत फिरला. शेताकडेला ते दोन दगडी राजे गुडघ्यांवर हात ठेवून बसलेत ना, तिथं फटफटी बंद पडली.

किक मारली. नाही.

पुन्हा मारली. नाही.

मागं कुणीतरी बसलं. वजन नाही. नुसता पाठीला गारठा.

"कोण?"

"तूच सांग. सकाळपर्यंत मला ठाऊक होतं."

बघदादीनं मान वळवली नाही. वळवता येईना.

"मालक... मला वाचता येत नाही. मी नुसती चित्रं कोरतो..."

"मग चित्रं सांग. मी जातो."

"एक पाखरू होतं. आणि... पाणी. की साप?"

"पुढं."

"आठवत नाही..."

मग कानाशी, अगदी सवडीनं...

"तुझ्या घरात आज एक नाव निघणार आहे ना?"

पाठीचा गारठा एकदम गेला. फटफटी आपणहून सुरू झाली.

बघदादी बोंबलत घरात शिरला, "लावू नका! मेणबत्त्या लावू नका!"

उशीर झालेला. शेजारणीनं तीन दिल्या होत्या. दोन विझल्या होत्या. तिसरी जळत होती, शाझली नावाची.

"हे बघ, नाव निघालं. उगाच ओरडतोस," फायका म्हणाली.

तेवढ्यात ज्योत वाकली. वारा नव्हता. कुणी आत श्वास ओढून घ्यावा, तशी वाकली...

आणि गेली.

अंधारातच फायकानं रीतीप्रमाणे खलबत्ता पोराच्या कानाशी आणून बडवला आणि सांगितलं, "तू शाझली! शाझली! आईचं ऐकायचं!" पोर दचकून रडलं. कान शाबूत होते.

सकाळी बघदादीनं दगडावरचा रॅमसिस उडवला. पाखरू कोरलं. पाणी कोरलं. पुढं छिन्नी चालेना. दुपारपर्यंत बसला, मग दगडावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. हा माणूस बापाच्या मयतीलाही रडला नव्हता.

पोर आता सात वर्षांचं. मांजर पावलं टाकत गेलं तरी ऐकतं. पण शाझली म्हणा, वळत नाही. आई गळा फाडून हाक मारते. वळत नाही. दुसरी दहा नावं ठेवून पाहिली. हसू नका, गाढवांनो, तुमची आई तिच्या जागी असती म्हणजे कळलं असतं.

परवा दिवेलागणीला मी त्याला शेतातून घरी आणत होतो. रस्त्यावर आम्ही दोघंच. मी तोंड उघडलं नव्हतं.

पोर थबकलं. राजे पुरलेत त्या डोंगराकडं वळलं.

"आलो," म्हणालं.