डावी पोटरी

साधनाने तेलाची वाटी बाजूला सरकवली आणि हात मागे घेतले. बाजेवर निजलेल्या नणंदेची, निकिताची, उजवी पोटरी मऊ होती. डावी मात्र टरारून सुजलेली, आणि बोट टेकताच चटकन जाणवावी इतकी गरम... बाळंतपणाला आज नववा दिवस. 

"आई, या पायाला मालिश नको. आत्ताच डॉक्टरला दाखवू."

सासूबाई, गोजराबाई, धुरीच्या शेगडीत ओवा टाकत होत्या. सायखेड्यात चाळीस वर्षं त्यांनी बाळंतिणींची अंगं चोळली होती. गावातल्या निम्म्या तरण्याताठ्या पोरांची नाकं त्यांच्याच तेलकट चिमटीत सरळ झाली, असं लोक कौतुकाने म्हणत. आणि आज त्यांच्याच लेकीच्या पायाला हात लावायला सून नको म्हणत होती!

"वारं धरलंय पायानं. चोळलं की उतरंल."

"एकच पाय सुजला, गरम झाला, तर त्याला हात लावायचा नाही, आई. क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवलंय आम्हाला."

"हात न लावायला शिकवत्यात व्हय? मग घरी बसली होतीस तेच काय वाईट होतं?"

त्या क्लासवरून घरात आधीच काय कमी रामायण झालं होतं! 'परक्यांची अंगं चोळायचा कसला आलाय कोर्स' म्हणत नवरा, कुंदन, महिनाभर तिच्याशी धड बोलला नव्हता. तरी सगळ्यांचा स्वयंपाक उरकून, मनातले अश्रू मनातच गिळून, साधना रोज सकाळची नाशिकची बस पकडत होती. मालिशचं रीतसर शिक्षण, हातात प्रमाणपत्र, आणि एखाद्या आयुर्वेदिक केंद्रात मानाची नोकरी... एवढंच तिचं स्वप्न. या क्षणी तिने तेच पणाला लावलं.

"डॉक्टर पायाला काही झालं नाही म्हणाले, तर उद्यापासून क्लास सोडते मी."

दारात उभ्या असलेल्या कुंदनने ते ऐकलं. "आता शब्द फिरवायचा नाय," एवढं बोलून तो शेजाऱ्यांची गाडी मागायला गेला.

साधना बाळाला शेजारच्या काकूंकडे सोपवून परत आली, तर खोलीभर तिळाच्या तेलाचा वास. निकिताची डावी पोटरी तेलाने चमकत होती आणि गोजराबाई पदराला हात पुसत होत्या. "बरं वाटतंय गं वहिनी," असं म्हणता म्हणताच निकिताला धाप लागली आणि तिने छाती घट्ट दाबून धरली.

नाशिकच्या वाटेवरचं चांदोरी गाव मागे पडलं तेव्हा तिचे ओठ निळे पडू लागले होते.

नाशिकच्या दवाखान्यात तासाभराने डॉक्टर बाहेर आले. "पायात रक्ताची गुठळी झाली होती. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेलाय. औषधं सुरू केलीत, पण दोन दिवस काही सांगता येणार नाही. पाय कुणी चोळला का?"

गोजराबाईंनी हात पदराखाली लपवले. पोटच्या पोरीच्या जिवावर आपलेच हात उठले, हे त्या माउलीला सोसेल कसं? साधनाचं अंतःकरण पिळवटून निघालं.

"मी चोळला," ती म्हणाली.

"मालिशचं शिक्षण घेतेय म्हणालात ना मघाशी?" डॉक्टरांचा आवाज चढला. "एवढं कळत नसेल तर हे काम तुमच्यासाठी नाही."

कुंदन तिच्याकडे वळला. "निकीचं काही बरंवाईट झालं, तर माझ्या घरात पाय ठेवू नको."

दोन दिवस साधना जिन्यात बसून होती. कुणी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. गोजराबाई समोरच्या बाकावर होत्या. त्या तिच्याकडे बघत आणि लगेच नजर वळवत. तिसऱ्या दिवशी निकिताने डोळे उघडून बाळ मागितलं. धोका टळला, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुंदन हमसून हमसून रडला, आणि तेवढ्यात गोजराबाई उठल्या.

"कुंदन, हिनं नाय चोळलं. मी चोळलं. हिची पाठ वळल्यावर."

 कुंदन खाली गेला, चहा घेऊन आला आणि कप साधनाच्या हातात देत म्हणाला, "सोमवारी क्लासला मी सोडतो तुला." साधनाचे दोन दिवस अडवलेले अश्रू त्या चहात टपटप पडले. सगळं निभावलं, असं तिला वाटलं...

पण गोजराबाई तिच्याशेजारी जिन्यातच येऊन बसल्या होत्या.

"माझी धाकटी बहीण व्हती, लंका," त्या म्हणाल्या. "बाळंत होऊन अकराव्या दिवशी गेली. तिचा बी एकच पाय सुजला व्हता. लय जीव लावून चोळला मी. चोळता चोळताच धाप लागली तिला. लोक म्हणले बाहेरचं झालं, मी बी तेच धरून बसले. तुला शिकवलंय ना? सांग. माझ्या हातानं गेली का ती?"

'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? डॉक्टरांपुढे ती किती सहज खोटं बोलली होती! पण या डोळ्यांपुढे तिला ते जमेना. तिने मान खाली घातली. गोजराबाईंना कळायचं ते कळलं.

त्या रडल्या नाहीत. त्यांनी सुनेचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. "चुकले गं पोरी मी. आता सगळं सांग मला. अजून कुठं कुठं हात लावायचा नसतो?"

साधना भीत भीत सांगू लागली. अंगात ताप असेल तर नाही... ओल्या टाक्यांवर नाही... फुगलेल्या शिरांवर दाबून नाही... दर वेळी गोजराबाई हाताने तिला थांबवत, डोळे मिटून आठवत, आणि ओठांतल्या ओठांत सायखेड्यातल्या कुणा ना कुणा बाईचं नाव घेत.