उभ्या झाडाच्या फळ्या

लाकडातलं पाणी मोजणं हे माझं काम. दोन सुयांचं एक छोटं यंत्र असतं. सुया लाकडात रोवायच्या आणि आकडा वाचायचा. जिवंत झाड पाण्याने गच्च असतं. घरात बसवलेलं लाकूड खोलीतल्या हवेशी हळूहळू जुळवून घेतं आणि मग तिथेच थांबतं. यात गूढ काही नाही. मला हा विषय आवडला तो त्याचसाठी.

कॉलेजच्या नव्या सभागृहाचं काम निघालं तेव्हा इंग्रिडने मला बोलावून घेतलं. इंग्रिड आर्किटेक्ट. तिच्या आराखड्यात अख्खी इमारत लाकडाची होती: खांब सबंध ओंडक्यांचे, तुळया कारखान्यात पट्ट्या चिकटवून केलेल्या, दार आम्हा मूळ रहिवाशांच्या जुन्या घरांसारखं पाण्याकडे तोंड केलेलं. कॉलेज नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरापलीकडे आहे. समुद्रावरून निघालेला पाऊस तिथवर पोचेपर्यंत रिकामा होतो. ती जमीन आमच्या नातलगांची, पण त्यांच्याकडे सीडरची, म्हणजे देवदारासारखी, मोठी झाडं होत नाहीत. म्हणून मागच्या भिंतीच्या फळ्या खाली खाडीवरच्या आमच्या घराण्याने भेट द्याव्यात असं ठरलं. काढणार माझा डेल्मर मामा, कारण उभ्या झाडातून फळी काढणं आता त्याच्याशिवाय कुणाला जमत नाही, हे तो स्वतःच भेटेल त्याला ऐकवतो.

झाड पाडायचं नसतं. खोडाला वर एक खाच, खाली एक खाच, आणि मध्ये शिंगाच्या पाचरी. फट पडली की तिच्यात दांडकं अडकवून निघून यायचं. पुढचं काम वारा करतो. हिवाळाभर झाड डोलतं, फट उसवत जाते आणि वसंतात फळी सुटून खाली येते. झाड जगतं. मामाच्या पणजोबांनी फळ्या काढलेले सीडर आमच्या खाडीवर अजून शेंड्यापर्यंत हिरवे आहेत.

मामाने निवडलेल्या झाडाला तो ‘थोरली’ म्हणतो. भिंतीच्या सगळ्या फळ्या तिच्या एकाच अंगातून निघाल्या. मागण्याआधी झाडाशी बोलावं लागतं: कुणासाठी हवं, कशाला हवं, कुठे नेणार. मामा बोलला तेव्हा मी खाली बोटीत, रुसलेल्या इंजिनाशी झटत होते. त्यामुळे तो काय म्हणाला ते ऐकलं नाही.

फळ्या त्याच्या छपरीत वर्षभर सुकल्या. मी स्वतः मोजल्या, कोरड्या असल्याची सही केली, आणि उन्हाळा लागता लागता भिंत उभी राहिली. तांबूस, रुंद, पाचरींच्या लाटा अंगावर तशाच ठेवलेली. इंग्रिड बराच वेळ तिच्यासमोर उभी होती.

“बाई, आता हिला रंगबिंग लावू नका,” मामा म्हणाला.

“रंग लावणाऱ्याचा हात मोडेन,” इंग्रिड म्हणाली.

त्या दिवशी मामाने आपली बोटं मला दाखवली. सांधे सुजून वाकडे झाले होते. “ही शेवटची भिंत बरं का, रेनी. नीट बघून घे.”

पहिल्यांदा लक्ष गेलं ते डगी सुताराचं. “ए रेनी, तुझी भिंत घामेजलीय. पावडर लाव तिला.”

मी हसत हसत हात लावला आणि हसू थांबलं. फळी गार होती. बाहेर कडक ऊन, दारं उघडी, दरीत वणव्यांचा धूर. आणि फळी ओहोटीच्या वेळच्या दगडासारखी गार. सुया टोचल्या. आकडा फार वर होता. हातभर अंतरावरची तुळई मोजली, ती अगदी कोरडी.

मी शिकल्याप्रमाणे एकेक शक्यता खोडत गेले. मागे पाण्याचा नळ नव्हता. जोत्याखाली ओल नव्हती. दुसरं यंत्र आणलं, तेही तेच म्हणालं. शेवटी फळीच्या मागून एक कपची काढली, भट्टीत वाळवली, आधीचं आणि नंतरचं वजन केलं. पाणी खरंच होतं.

“उद्घाटनाआधी इन्स्पेक्टर येणार,” इंग्रिड म्हणाली. “एकोणीस टक्क्यांच्या वर असेल तर बुरशी धरेल म्हणून तो भिंत नापास करणार. मग फळ्या उतरवून कारखान्याचे तक्ते बसवायचे. दुसरा इलाज नाही.”

“उतरवलेल्या फळ्यांचं काय करणार?”

मामाला हे कोण सांगणार, एवढंच आमच्या दोघींच्या मनात होतं.

आकडा एकसारखा चढत नव्हता. चढे, थांबे, थोडा उतरे, पुन्हा चढे. एका संध्याकाळी मामाचा फोन आला. “काय सांगू, आभाळ फाटलंय इकडे. तुझी मामी म्हणते, आता बोटीतूनच चुलीपर्यंत जायचं.” त्या दिवशी आकडा सगळ्यात वर होता. पुढच्या वेळी मीच विचारलं. पाऊस थांबला होता, आकडा उतरत होता. मी रोज विचारायला लागले. मामा वैतागला. “पोरी, हवामान खात्यात लागलीस का?”

दोन गोष्टी एकदम वरखाली झाल्या म्हणून त्यांचा संबंध असतोच असं नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी ते स्वतःला बजावत राहिले.

पण सभागृहातही काहीतरी बदललं होतं. भिंतीसमोर आलं की सगळे आवाज उतरवून बोलत. डगी तिथे रेडिओ बंद करी, का ते त्याला विचारलं तर खांदे उडवी. नेच्यांचा, ओल्या शेवाळाचा, ओहोटीच्या चिखलाचा वास येई. एका भर दुपारी मी फळीला कान लावला. आत पाऊस पडत होता. पानावरून पानावर उतरणारा, दाट झाडीतला पाऊस, आणि त्याच्याही मागे खूप उंचावर वारा. मी कान काढला की धुरकट ऊन. कान लावला की पाऊस. मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी मी टोपी काढून हातात धरली होती, हे नंतर माझ्या ध्यानात आलं.

संबंध आहे की नाही हे ठरवायचं तर एका बाजूला बदल करून दुसरीकडे काय होतं ते बघायला हवं. मी खाली गावी गेले आणि मामाला बोटीत घालून थोरलीपाशी नेलं. पावसात ती उभी होती, शेंडा ढगात. फळ्या निघालेली जागा माझ्या तिप्पट उंच, तांबडी, उघडी, पाण्याने चकाकणारी. मी दोर टाकून त्या जागेवर निळी ताडपत्री बांधायला लागले.

“तिला विचारलंस का?” मामा म्हणाला.

“मामा, प्रयोग आहे. थोडे दिवस.”

“प्रयोग असेल गं. विचारलंस का?”

“विचारून काय होणार आहे?”

“मग बांध,” तो म्हणाला, आणि बोटीत जाऊन माझ्याकडे पाठ करून बसला.

मी वर परतले तेव्हा भिंत सुकायला लागली होती. खाली पाऊस चालूच होता. इंग्रिडने मला मिठी मारली. “काय केलंस?”

“झाकलं,” मी म्हणाले. काय झाकलं ते तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

पण भिंत सुकायची थांबेना. लाकूड खोलीतल्या हवेपेक्षा कोरडं होऊ शकत नाही. हे मत नाही, मोजलेली गोष्ट आहे. भिंत त्याच्याही खाली गेली. वास गेला. कान लावला तर काहीच नाही, तोंडावर उशी दाबल्यासारखं काहीच नाही. मग सगळ्यात रुंद फळीला वरून खालपर्यंत तडा गेला. आवाज एवढा झाला की डगी शिडीवरून उतरून बाहेर जाऊन उभा राहिला.

उद्घाटनासाठी मामा वर आला होता, सुकवलेल्या सामन माशांची पिशवी घेऊन. भिंतीसमोर त्याने नेहमीसारखे बूट काढले आणि अनवाणी पुढे जाऊन तड्यावरून अंगठा फिरवला.

“इन्स्पेक्टर परवा येणार?”

“हो. ओली असती तरी गेली असती. आता तडकली म्हणून जाणार.”

मी त्याला सगळं सांगितलं, कान लावून ऐकलेल्या पावसासकट. तो हसेल असं वाटलं होतं. तो बाकावर बसला.

“मी तिच्याशी नेहमीचेच शब्द बोललो,” तो हळूच म्हणाला. “आमचे म्हातारे बोलायचे तेच. जो पाऊस तुझ्यावर पडेल तोच ह्या फळ्यांवर. तेव्हा घरं किनाऱ्यालाच असायची, थोरलीच्या हाकेच्या अंतरावर. कुठे नेणार ते खरं सांगायचं असतं. मी डोंगरापलीकडचं बोललोच नाही. सवयीने तोंडात आलं ते म्हणालो.”

“मामा, शब्दांनी लाकूड भिजत नाही.”

“नाही भिजत. तू ताडपत्री काढून ये. आणि या खेपेला विचार. लांबचं, छपराचं, इन्स्पेक्टरचं, माझ्या बोटांचं, सगळं सांग. तिच्याशी खोटं बोलू नकोस.”

“तू चल ना.”

“इथे भिंतीजवळ कुणीतरी नको का?”

मी दुसऱ्या दिवशी खाली उतरले, मामीकडे राहिले आणि तपासणीच्या सकाळी मामाची बोट घेऊन खाडीत शिरले. फोनला तिथे कधीच रेंज नसते. पाऊस सरळ रेषेत पडत होता.

थोरलीसमोर उभी राहिले आणि मला लाज वाटली. आजूबाजूला कुणी नव्हतं तरी वाटली. मग मी अहवाल वाचावा तसं बोलायला सुरुवात केली.

“मी रेनी. डेल्मरची भाची. तुझ्या फळ्या इथून लांब आहेत, डोंगरापलीकडे. तिथे हा पाऊस नाही. तिथे छप्पर आहे. थंडीत मुलं तिथे बसतील, म्हाताऱ्यांचं ऐकतील. आज एक माणूस यंत्र घेऊन आलाय. त्याला त्या कोरड्या आणि अखंड हव्यात, नाहीतर तो त्या काढायला लावेल. मामाची बोटं आता वळत नाहीत. त्याला दुसरी भिंत करता येणार नाही.” मी ताडपत्रीच्या दोराला हात घातला. “मी न विचारता तुझं अंग झाकलं. आता काढते. ते छप्पर तुझंही समज. राहू दे त्यांना तिथे. राहू देशील?”

मी दोर कापले. ताडपत्री घसरून नेच्यांवर पडली.

दोन्ही बाजूंच्या सालीवरून पाणी ओघळत होतं. माझ्या मानेतून आत जात होतं. उघड्या लाकडाकडे मी बघत राहिले, भिजून ते गडद व्हायची वाट बघत.

ते गडद झालं नाही.

थेंब येताना दिसत होते. लाकडापासून बोटभर अंतरावर ते दिसेनासे होत होते. ओघळ नाही, शिंतोडे नाहीत. मी सुया टोचल्या. आकडा वाचला, सुया काढल्या, दुसरीकडे टोचल्या. घरातल्या लाकडाचा आकडा होता तो.

मी तळवा टेकवला. ऊबदार होतं, स्टोव्ह पेटवलेल्या खोलीसारखं. वास आला: ताजी कॉफी, सामन, नव्या बाकांचं तेल. मी हळूहळू कान लावला.

खुर्च्या सरकल्या. कुणीतरी कप ठेवला. एक अनोळखी माणूस म्हणाला, “तेरा. इथे बारा. उत्तम. तड्याचं काय म्हणत होता तुम्ही?”

“होता,” इंग्रिडचा आवाज, गोंधळलेला. “काल इथेच होता.”

आणि मामाचं ते गडगडाटी हसू. “मी काय सांगत होतो, बाई? माझ्या भाचीला साधी समजू नका!”

मी त्या पावसात मोठ्याने हसले. गालांवरून काय वाहत होतं ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. भिंत राहिली होती. त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं. फक्त आपण इथे आहोत हे मामाला कळावं असं वाटलं.

मी बोट वाकवून लाकडावर टकटक केली.

आतलं बोलणं थांबलं.

मग एक खुर्ची मागे सरकली, आणि कुणाची तरी अनवाणी पावलं सावकाश माझ्या दिशेने यायला लागली.