सांधा कुणी बदलला?

"सासऱ्यांना सोडवा, असं म्हणायला मी आले नाही," ती म्हणाली. "त्यांनी खरंच केलं असेल, तर निदान तेवढं तरी कळू दे."

तिच्यासमोरचा चहा गार झाला होता. वहिनींनी तो उचलून आपल्याच तोंडाला लावला. चहा वाया गेलेला त्यांना बघवत नसे, मग अशील समोर असो की नसो.

कोपऱ्यातल्या खुर्चीत भावजी बसले होते. भावजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर आणि त्यांच्या खासगी तपासाच्या धंद्यातले एकुलते एक मदतनीस. बायको गेल्यापासून ते रोज इथं येऊन बसत. घरी बसलं काय नि इथं बसलं काय, त्यांना सारखंच होतं. जेवणात मीठ नसलं तरी त्यांच्या लक्षात येत नसे. रडूही आलं नव्हतं, आणि त्याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

तिचे सासरे जुन्या, लहानशा स्टेशनवर सांधेवाले होते. फलाटाच्या टोकाला उंच केबिन, तिथं ओळीनं लोखंडी दांडे. दांडा ओढला की लांबवर रुळांचा सांधा बदलतो आणि गाडी दुसऱ्या वाटेला लागते. त्या दुपारी इंजिनानं एक रिकामी वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, ढकलून सोडून दिली. ती जायची गोदामाकडे. गेली भलत्याच, वापरात नसलेल्या रुळावर आणि शेवटचा मातीचा बांध फोडून पलीकडे पडली. बांधाच्या सावलीत स्टेशनवरचा चहावाला झोपला होता. सगळं गाव त्याला केटली म्हणायचं. तो जागीच गेला.

"केटलीकाका आणि बाबा लहानपणापासूनचे मित्र," सून म्हणाली. "तेव्हापासून बाबा बोलत नाहीत. केलं म्हणत नाहीत, नाही केलं म्हणत नाहीत. सोमवारी चौकशी आहे. तिथं सगळं मान्य करून मोकळा होतो, एवढंच म्हणाले. मग तुरुंगच."

"घरात आणखी कोण?"

"मी आणि हे. यांची आई हे तान्हे असतानाच गेली. बाबांनी यांना त्या केबिनमध्येच वाढवलं. यांचा अभ्यास, झोप, सगळं दांड्यांच्या पायथ्याशी. फक्त दांड्याला हात लावायची परवानगी नव्हती. लागेल म्हणून."

वहिनींनी पर्स उचलली. "भावजी, उठा. खुर्चीला मुळं फुटायच्या आत."

*

गाव स्टेशनला बिलगून वाढलं होतं. दगडी इमारत, लाकडी नक्षीचं छप्पर, समोर हमालांची घरं, सायकलींचं दुकान, वाट बघणाऱ्यांसाठी बाकं. चहाची टपरी बंद होती. गाडी आली की लोक सवयीनं टपरीकडे वळत आणि अर्ध्यात थबकत. धुकं पडलं होतं आणि सगळ्या वस्तूंना हात लावला की ओल लागत होती.

स्टेशनमास्तर अंगानं भारदस्त आणि मनानं चिडलेले होते.

"मी फलाटावर निशाण धरून उभा, सगळे उतारू बघतायत, आणि हा केबिन सोडून खाली येऊन मला विचारतो, माझा जेवणाचा डबा कुठंय? म्हटलं, डबा? माझ्या खोलीत कुणाचाही डबा नाही! तो परत वळतोय तोवर तिकडे धडाम. सांधा उलटा टाकून आला होता शहाणा."

"दुसऱ्या कुणी वर जाऊन दांडा ओढला असेल तर?"

"अहो बाई, तो काय बादलीचा दोर आहे? आधी कुलपाचा दांडा मागं ढकलायचा, मग सांध्याचा ओढायचा. क्रम चुकला तर तो जागचा हलत नाही. परक्याचं कामच नव्हे. आणि एवढं कशाला, दुसऱ्या दिवशी मी वर गेलो, तर पठ्ठ्यानं नेमका तोच दांडा घासूनपुसून लख्ख केलेला! पोलिसांना बोटांचे ठसे मिळू नयेत म्हणून. आता बोला."

वहिनींनी मान वर करून केबिनकडे पाहिलं आणि त्या चालू लागल्या. 

केबिनचा जिना उभा होता. वर पोचेपर्यंत भावजींना धाप लागली आणि त्यांनी आधाराला ओळीतला शेवटचा दांडा धरला. तो कुठल्याच सांध्याला जोडलेला नव्हता. बदली सांधेवाला कामावर होता. त्यानं खुंटीवरचं फडकं घेतलं, फडक्यातूनच मूठ धरून दांडा ओढला आणि फडकं परत खुंटीला अडकवलं. दांड्यांच्या मुठी उघड्या पोलादाच्या होत्या. सगळ्या गुळगुळीत, जरा काळपट. मधली एक मात्र नव्या भांड्यासारखी चमकत होती.

म्हातारे सांधेवाले काका खिडकीशी स्टुलावर बसले होते. कामावरून उतरवलं होतं, तरी दिवसभर इथंच येऊन बसत. त्यांनी भावजींच्या हाताकडे पाहिलं, काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"काका, तो दांडा तुम्ही घासलात?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"का?"

काका खिडकीबाहेर बघत राहिले. बांध फुटला होता तिथं कुणीतरी चार विटा लावून ठेवल्या होत्या.

"केटलीला तुम्ही मारलंत?"

"सोमवारी सांगेन बाई," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका कोरडा होता, की भावजींना तो ओळखीचा वाटला. आपणही असंच बोलतो.

*

मुलगा औषधांच्या दुकानात होता. गोळ्यांची पाकिटं फळीवर रचत तो बोलत राहिला. त्याचे हात क्षणभरही थांबले नाहीत.

"बाबांचं वय झालंय हो. मला बाहेरगावी चांगली नोकरी मिळतेय, पण ते केबिन सोडायला तयार नाहीत, आणि त्यांना एकटं टाकून मला जाता येत नाही. मास्तरांना दोनदा सांगून पाहिलं, यांना घरी बसवा. म्हणाले, चूक केल्याशिवाय कसं बसवू?"

"त्या दिवशी डबा कुणी नेला?"

"मीच. मास्तरांच्या खोलीत ठेवला, आणि बाबांना खालून हाक मारून तसं सांगितलं."

"केबिनमध्ये का नाही नेलात?"

"जिना चढायचा कंटाळा आला."

"तुम्हाला येतात का हो ते दांडे ओढता?"

"छे! मला कोण हात लावू देतंय! बाबांचा थाट काय विचारता. फडक्याशिवाय दांड्याला शिवायचे नाहीत. हाताला काळं लागू नये म्हणून! कामगार माणूस आणि नखरे जावयाचे." तो हसला, पण हसू तोंडावर आलं तसंच विरलं.

रात्री दोघं स्टेशनच्याच विश्रामखोलीत राहिली. सकाळी वहिनींनी भावजींना पुन्हा केबिनमध्ये नेलं.

"तुम्ही काल कुठला दांडा धरला होतात?"

"तो शेवटचा." भावजी पुढं झाले आणि थांबले. काल गुळगुळीत असलेल्या मुठीवर तांबूस गंजाचे पट्टे उमटले होते. त्यांनी आपला पंजा वर धरून पाहिला. पट्टे त्यांच्याच बोटांचे होते.

"बरं झालं तुम्हाला धाप लागली," वहिनी म्हणाल्या. "आता सगळ्यांना वर बोलवा. मास्तर नकोत. फक्त घरातले."

*

काका स्टुलावर, मुलगा दाराशी, सून त्याच्या मागं. बदली सांधेवाल्याला वहिनींनी नाश्त्याला पिटाळलं होतं.

"फडकं हाताला काळं लागू नये म्हणून नसतं," त्यांनी सुरुवात केली. "हाताच्या घामानं उघडं पोलाद गंजतं, आणि अशा ओल्या हवेत तर रातोरात. म्हणून सांधेवाला फडक्यातूनच मूठ धरतो. काकांची तर ती हाडात मुरलेली सवय. त्यांनी सांधा बदलला असता, तर दांड्यावर काहीच उमटलं नसतं. मग घासायचं काय होतं?"

त्यांनी चमकणाऱ्या मुठीकडे बोट दाखवलं.

"मास्तर म्हणतात, ठसे पुसले. पण या दांड्यावर काकांचे ठसे असले तरी काय बिघडलं? त्यांचं कामच ते. त्यांनी गंज घासला. तो ज्याच्या बोटांचा होता, त्याला वाचवायला. म्हणजे उघड्या हातानं दांडा धरणारा कुणी दुसरा होता."

"पण क्रम?" भावजींनी विचारलं. "मास्तर म्हणाले ना, परक्याला जमणार नाही."

"परका नव्हताच. ज्यानं लहानपणभर खाली बसून क्रम डोळ्यांनी पाहिला, पण ज्याच्या हातात फडकं कधी आलंच नाही, असा माणूस. म्हणून त्याला ते नखरे वाटले. त्यानं बापाला डबा मास्तरांच्या खोलीत आहे म्हणून खाली धाडलं. तिथं डबा नव्हताच, मास्तरांनीच सांगितलं. बाप फलाटावर पोचेपर्यंत हा वर आला."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. 

"रिकामी वाघीण," तो हळू म्हणाला. "बांधाला टेकून थांबली असती. चूक झाली म्हणून बाबांना घरी बसवलं असतं, बस. केटलीकाका तिथं झोपतात हे मला... मी रोज औषधाच्या दुकानात असतो हो, मला कसं माहीत असणार?" मग तो बापाकडे वळला. "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"दांड्यावर गंजात उमटलेली बोटं पाहिली की," काका म्हणाले. "तुझी बोटं मला ओळखू येऊ नयेत?"

ते उठले आणि जिन्याच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. "बाई, माझं काय राहिलंय आता? सोमवारी मी मान्य करतो. तुम्ही गप्प राहा. पाया पडतो."

"मला काम तुमच्या सुनेनं दिलंय," वहिनी म्हणाल्या. "तिला विचारा."

 सासऱ्याला सोडवायचं तर नवरा जात होता. सून म्हणाली, "बाबा, केटलीकाकांची लेक काल आपल्या दारात आली होती. म्हणाली, तुझ्या सासऱ्यांनी माझ्या बापाला का मारलं? मी तिला आयुष्यभर काय सांगू?"

 काका बाजूला झाले. मुलानं खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला, आणि दोघं नवराबायको पोलीस चौकीकडे जायला जिना उतरली. तिनं त्याचा दंड धरला होता.

वहिनी त्यांच्यामागून गेल्या. भावजींना काय करावं सुचेना, म्हणून ते तिथंच थांबले.

"तुमचं कुणी गेलंय का?" काकांनी अचानक विचारलं.

"बायको."

"रडलात?"

"नाही."

"मी पण नाही. केटली गेला आणि मला त्याची आठवणसुद्धा आली नाही हो. सारखं डोक्यात एकच, पोराला कसं वाचवू, पोराला कसं वाचवू." त्यांनी फुटलेल्या बांधाकडे पाहिलं. "माझा केटली गेला..."

म्हातारा ओक्साबोक्शी रडू लागला. भावजी स्टुलाशेजारी जमिनीवर बसले. त्यांना अजूनही रडू येत नव्हतं, पण आज प्रथमच ते यावं असं त्यांना वाटलं. त्यांनी काकांचा हात धरला आणि तसेच बसून राहिले.